बोट गेलं, बँक बुडाली

भोसरीच्या एमआयडीसीत मी नोकरीला होतो, त्या कारखान्याच्या गेटवर एक बटण होतं. शिफ्ट सुटली की रांगेनं यायचं आणि बटण दाबायचं. हिरवा दिवा लागला तर सरळ बाहेर, लाल लागला तर शेजारच्या खोलीत झडती. खिसे, टिफिनचा तळाचा डबा, कधी बूटसुद्धा. साहेब लोकांच्या गाड्या आल्या की गेटची दांडी आधीच वर झालेली असायची. सिक्युरिटीचा सुपरवायझर निवृत्त फौजी होता. तो म्हणायचा, ‘यंत्राला कोण कुठला ते कळत नाही, त्यामुळं अन्याय होत नाही.’ खरंच होतं ते. फक्त बटण एकाच रांगेला बसवलेलं होतं.

त्या एका वर्षात दोन गोष्टी घडल्या. एका हेल्परच्या टिफिनमध्ये तांब्याच्या वायरचं भेंडोळं सापडलं, मूठभर. तासाभरात पोलिसांची गाडी आली, फिर्याद झाली, पोराला आत बसवलं आणि दुसऱ्या दिवसापासून त्याच्या ठेकेदाराची बाकीची सगळी माणसं संशयित झाली. दुसरी गोष्ट प्रेस शॉपमधली. पॉवर प्रेसवर दोन्ही हातांनी दोन बटणं दाबल्याशिवाय रॅम खाली येऊ नये अशी सोय असते, म्हणजे हात डायच्या बाहेरच राहतात. प्रॉडक्शन वाढवायला त्यातलं एक बटण कायमचं दाबून टेप लावून ठेवलेलं होतं. सेकंड शिफ्टला एका ऑपरेटरची तर्जनी गेली. त्याला ईएसआयच्या दवाखान्यात नेलं, मशिन पुसून घेतलं आणि शिफ्ट पुढं चालू राहिली. पोलीस आल्याचं मला आठवत नाही.

दोन्ही गोष्टी सांगताना आमची भाषा बघा. ‘त्यानं तांबं चोरलं.’ ‘ह्याचं बोट गेलं.’ पहिल्या वाक्यात कर्ता आहे, नाव-गावासकट. दुसऱ्यात बोटच उठून कुठंतरी गेलंय.

गुन्हा म्हणजे काय हे आपल्याला कायद्यानं कळतं, असं आपण समजतो. मला वाटतं, त्याच्या आधी ते आपल्याला वाक्यातून कळतं. आणि वाक्यात कर्ता घालायचा की गाळायचा हे बऱ्याचदा तो कर्ता कुठल्या रांगेत उभा आहे यावर ठरतं. पिंपरी-चिंचवड ते चाकण हा पट्टा हे पाहायला फार सोयीचा. हिंदुस्थान अँटिबायोटिक्स १९५४ साली पिंपरीत आली, १९६२ साली एमआयडीसी स्थापन झाली, १९८२ साली महापालिका झाली आणि गेल्या पंचवीस वर्षांत चाकणच्या माळावर गाड्यांचे कारखाने उभे राहिले. जमीनवाला शेतकरी, मराठवाडा-विदर्भातून आलेला कायम कामगार, बिहार-उत्तर प्रदेशातून आलेला ठेक्यावरचा पोरगा, वाकड-हिंजवडीचा आयटीवाला, वर्कशॉपचा मालक, असे सगळे वीस-पंचवीस किलोमीटरच्या आत राहतात. प्रत्येकाचा ‘गुन्हेगार’ वेगळा.

आधी कायदा. मालकाच्या ताब्यातली वस्तू नोकरानं चोरली तर भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०६ नुसार सात वर्षांपर्यंत कैद. जुन्या दंड संहितेत हेच कलम ३८१ होतं आणि शिक्षाही तीच. साध्या चोरीला तीन वर्षं. नोकरानं केली की सात, कारण त्यात विश्वासघात आहे. आता उलट बाजू. निष्काळजीपणानं कुणाला गंभीर दुखापत झाली तर संहितेच्या कलम १२५ खाली जास्तीत जास्त तीन वर्षं किंवा दंड; जुन्या कायद्यात दोनच वर्षं होती. मशिनला गार्ड नाही म्हणून माणूस जायबंदी झाला तर १९४८ च्या कारखाने अधिनियमात दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. माणूस मेला तर दंड पंचवीस हजारांच्या खाली असू नये, एवढी तंबी होती. नोव्हेंबर २०२५ पासून नव्या श्रम संहिता लागू झाल्या, दंडाचे आकडे वाढले, पण मांडणी तीच राहिली. मालकानं कामगारावर ठेवलेल्या विश्वासाचा घात कायद्याला नीट दिसतो. कामगार रोज मालकाच्या मशिनखाली हात घालतो तोही विश्वासच. त्याच्या घाताला मात्र फौजदारी कायद्यात वेगळं नाव नाही.

इथं कायद्याचा इतिहास थोडा गुंतागुंतीचा आहे आणि तो प्रामाणिकपणे सांगायला हवा. १९२३ च्या कामगार भरपाई कायद्यानं चूक कुणाची हा प्रश्नच बाजूला ठेवला. अपघात कामावर झाला ना, मग भरपाई द्या. मालकाचा दोष सिद्ध करत बसू नका. त्या काळात कामगारासाठी ही मोठीच गोष्ट होती, कारण कोर्टात दोष सिद्ध करणं त्याच्या बापजन्मी शक्य नव्हतं. या कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत शरीराचा दरच लावलेला होता. अंगठा पूर्ण गेला तर कमावण्याच्या क्षमतेची हानी ३० टक्के. तर्जनी पूर्ण १४, तिची दोन पेरं ११, एक पेर ९. मधलं बोट १२. अनामिका किंवा करंगळी ७. प्रेस शॉपमधल्या जुन्या ऑपरेटरांना हे आकडे पाढ्यांसारखे पाठ असतात. पेराचा हिशोब इतका काटेकोर, पण ‘कुणामुळं’ असा रकाना त्या अनुसूचीत नव्हता. भरपाईच्या सोयीसाठी कर्ता वगळला गेला आणि मग तो कायमचाच वगळलेला राहिला.

आकडेवारीचंही तसंच. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचा ‘क्राइम इन इंडिया’ दरवर्षी येतो आणि त्यातल्या आकड्यांवरून कुठलं शहर सुरक्षित याच्या बातम्या होतात. कारखान्यातले अपघात औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाच्या दप्तरी जातात. वही वेगळी, खातं वेगळं, मंत्रीही वेगळा. गळ्यातली चेन ओढली गेली तर ती शहराच्या गुन्हेगारीच्या आलेखात चढते. तुटलेली तर्जनी चढत नाही. वाहन उद्योगाच्या साखळीतल्या अशा जखमांवर ‘सेफ इन इंडिया’ ही संस्था २०१९ पासून ‘क्रश्ड’ नावानं अहवाल काढते. सुरुवात हरियाणातल्या गुडगाव-मानेसरपासून झाली, पण वाचताना भोसरी आणि महाळुंगेच डोळ्यापुढं येतात. तिथंही कायम नोकरीतला, शिकलेला माणूस क्वचित सापडतो. सापडतो तो ठेक्यावरचा, नवखा.

माणसं एकदम खूप मेली की मात्र कर्ता सापडतो, हेही नोंदवलं पाहिजे. जून २०२१ मध्ये मुळशीतल्या उरवड्याच्या कारखान्यात आग लागून सतरा कामगार गेले, बहुतेक बाया. डिसेंबर २०२३ मध्ये तळवड्यात, महापालिकेच्या हद्दीतच, केकवर लावायच्या फुलबाजीसारख्या मेणबत्त्या बनवणारा विनापरवाना कारखाना पेटला. सहा जणी जागीच गेल्या, आणि नंतरच्या दिवसांत रुग्णालयात आकडा वाढत गेला. दोन्ही वेळा पोलिसांनी सदोष मनुष्यवधाचं कलम लावलं, अटका केल्या. म्हणजे कायद्याला हे जमत नाही असं नाही. फक्त त्याला बरीच प्रेतं एका ठिकाणी लागतात.

पंडितांनी यावर काय म्हटलंय ते थोडक्यात. अमेरिकेत एडविन सदरलँड या समाजशास्त्रज्ञानं १९३९ साली आपल्या सहव्यावसायिकांसमोर ‘पांढरपेशी गुन्हेगारी’ ही कल्पना मांडली. गरिबी आणि बिघडलेली घरं यांमुळं गुन्हे होतात असं म्हणणारे सगळे सिद्धान्त तुरुंगातल्या माणसांवरून काढलेले आहेत, आणि तुरुंगात कोण जातं हेच आधी तपासायला हवं, असा त्याचा मुद्दा. पुढं १९४९ साली त्यानं मोठ्या कंपन्यांच्या कायदेभंगावर पुस्तक काढलं, तर प्रकाशकानं खटल्याच्या भीतीनं कंपन्यांची नावं काढायला लावली. नावांसकट पुस्तक यायला १९८३ उजाडलं. गुन्ह्यातून कर्ता गाळण्यावरच्या पुस्तकातून कर्तेच गाळले गेले. याहून बोलका पुरावा सदरलँडला स्वतःलाही सुचला नसता. नंतर जेफ्री रायमन वगैरेंनी हाच धागा पुढं नेला. त्याची चिकित्सा ब्रिटनमधल्या जॉक यंग आणि जॉन ली यांनी १९८४ साली डाव्या बाजूनंच केली. त्यांच्याकडं पुढं येतोच.

आपल्याकडं मात्र हे पुस्तकातून शिकायची गरज नव्हती. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्यानं अख्ख्या जाती जन्मानंच गुन्हेगार ठरवल्या. सोलापुरात त्यांना तारेच्या कुंपणाआड वस्ती करून ठेवलं. १९५२ साली कायदा रद्द झाला, पण तो कागदावरून उतरला तसा पोलिसाच्या आणि शेजाऱ्याच्या डोक्यातून उतरला नाही. लक्ष्मण गायकवाडांचं ‘उचल्या’ १९८७ साली आलं आणि मराठी मध्यमवर्गानं आपल्या ‘चोरां’ची बाजू पहिल्यांदा त्यांच्याच तोंडून ऐकली. चिंचवडमध्येच गिरीश प्रभुणे यांनी पारधी आणि इतर भटक्या-विमुक्तांच्या मुलांसाठी पुनरुत्थान समरसता गुरुकुलम उभं केलं. २०२१ साली त्यांना पद्मश्री मिळाली. गावात चोरी झाली की पोलीस आधी पालावर का येतात, हा प्रश्न त्या मुलांना वर्गात शिकवावा लागत नाही.

चिंचवडचाच विषय निघालाय म्हणून जाता जाता. चापेकरांचा चौक ओलांडताना आपण मान लववतो. १८९७ सालच्या जूनमध्ये रँडवर गोळी झाडणारा दामोदर सरकारदप्तरी खुनीच होता आणि खुनी म्हणूनच फासावर गेला. गुन्ह्याची व्याख्या राज्य कुणाचं यावर ठरते, हे या शहरातल्या शाळकरी पोरालाही ठाऊक आहे. वर्ग कुणाचा यावरही ठरते, एवढंच आपल्याला पचायला जड जातं.

स्वतंत्र महाराष्ट्रानं १९८१ साली प्रतिबंधक स्थानबद्धतेचा एक कायदा केला. सगळे त्याला एमपीडीए म्हणतात, त्यामुळं त्याचं पूर्ण नाव कुणी वाचत नाही. ते सुरू होतं ‘झोपडपट्टी गुंड’पासून, मग हातभट्टीवाले, मग औषधिद्रव्यांचे गुन्हेगार, मग धोकादायक व्यक्ती. पुढच्या दुरुस्त्यांत व्हिडिओ पायरेट आले, वाळू तस्कर आले, काळाबाजारवालेही आले, म्हणजे नावात पैसेवाल्यांचा शिरकाव झाला; पण पहिला मान अजून झोपडपट्टीचाच. कायद्याच्या नावात राहण्याचा पत्ता असलेला दुसरा फौजदारी कायदा मला माहीत नाही. बंगला गुंड असा शब्दच मराठीत नाही.

१५ ऑगस्ट २०१८ रोजी पिंपरी-चिंचवडला स्वतंत्र पोलीस आयुक्तालय मिळालं. चाकण, आळंदी, तळेगाव, देहूरोड ही ग्रामीण ठाणी त्यात आली. तेव्हापासून इथल्या बातम्यांत तीन शब्द रोजचे झाले: मोक्का, एमपीडीए, तडीपार. शिवाय चौथी एक गोष्ट, जी कुठल्याच कायद्यात नाही: धिंड. रात्री गल्लीत कोयते घेऊन गाड्या फोडणाऱ्या पोरांना पकडायचं आणि त्याच गल्लीतून फिरवायचं. लोक टाळ्या वाजवतात, मोबाइल वर धरतात. हातकडीबद्दल सर्वोच्च न्यायालयानं १९८० साली प्रेमशंकर शुक्ला खटल्यात मोठं तपशीलवार बोलून ठेवलंय. त्यात पंजाब पोलिसांच्या नियमावलीचा मुद्दा होता. कच्च्या कैद्यांत ‘बरा वर्ग’ आणि ‘साधा वर्ग’ असे दोन भाग केलेले. बऱ्या वर्गाला सहसा बेडी नाही, साध्याला घालायची. न्यायमूर्ती कृष्णा अय्यर यांनी हा भेद समतेच्या तत्त्वात बसत नाही म्हणून मोडीत काढला. नियम गेला. पण बँक बुडवल्याचा आरोप असलेल्या संचालकाची त्याच्या सोसायटीच्या आवारातून धिंड काढलेली तुम्ही कधी पाहिलीय का?

आता मी जरा टाळ्या वाजवणाऱ्यांच्या बाजूनं बोलतो. गाड्या फोडल्या जातात त्या कुणाच्या? पार्किंगच्या आत, सीसीटीव्हीखाली उभ्या असलेल्या नव्हेत. रस्त्याकडेला लावलेली रिक्षा, हप्त्यावर घेतलेला टेम्पो, दुधाच्या कॅनची मोटरसायकल. रिक्षाची काच फुटली आणि हूड फाटलं की दोन-तीन दिवसांची कमाई जाते, आणि हप्त्याची तारीख थांबत नाही. वरच्या वर्गानं केलेले गुन्हे दाखवण्याच्या नादात डाव्या अभ्यासकांनी गरिबांची गरिबांकडूनच होणारी लूट नजरेआड केली, ही यंग आणि ली यांची तक्रार इथं तंतोतंत लागू पडते. गुन्हेगारीची भीती हा मध्यमवर्गाचा भास आहे असं ज्याला वाटतं, त्यानं रात्री अकरानंतर चिखलीच्या किंवा ओटा स्कीमच्या एखाद्या बोळात रिक्षा लावून झोपायला जावं. चाळीतली बाई ‘भाई’ला भिते आणि पोलिसालाही भिते, तिला निवड करायची वेळ आली तर ती बहुतेकदा पोलिसाची बाजू घेते. टाळी त्यातून येते. ती टाळी मला आवडत नाही, पण तिला खुळेपणा म्हणायचीही माझी तयारी नाही.

पोरांचं वय बघा. सोळा, सतरा, अठरा. हेच वय १९ मे २०२४ च्या पहाटे पुण्यात कल्याणीनगरला पोर्शे चालवणाऱ्या मुलाचं होतं. दोन तरुण अभियंते जागीच गेले. काही तासांत जामीन मिळाला, त्याला एक अट होती तीनशे शब्दांच्या निबंधाची. मग रक्ताचा नमुना बदलल्याचा आरोप झाला आणि ससूनच्या डॉक्टरांना अटक झाली. तीनशे शब्दांवर सगळ्या महाराष्ट्राचा संताप झाला तो रास्तच. पण तो थोडा चुकीच्या जागी लागला असं मला वाटतं. अल्पवयीनाला सुधारायची संधी द्यावी हे बाल न्याय कायद्याचं तत्त्वच आहे. प्रश्न असा की कोयत्याच्या केसमधल्या पोराच्या बाबतीत हे तत्त्व आपल्यापैकी किती जणांना आठवतं. तिथं ‘कोवळं वय’ नसतं, ‘अल्पवयीन गुन्हेगारांचा सुळसुळाट’ असतो. सुळसुळाट उंदरांचा आणि डासांचा होतो.

बातम्यांच्या भाषेवर एकदा नीट कुणीतरी काम करायला हवं. आरोपीच्या नावापुढं कंस पडतो: वय अमुक, रा. महाळुंगे, मूळ रा. अमुक जिल्हा, उत्तर प्रदेश. हे ‘मूळ रा.’ पोलिसांच्या प्रेसनोटमधून जसंच्या तसं येतं. वीस वर्षं इथं काढली तरी मूळ सुटत नाही. कंपनीच्या संचालकाच्या बातमीत त्याचं मूळ गाव शोधून बघा. आणि हे ‘मूळ रा.’ पेपरात छापण्यापुरतं राहत नाही, जामिनाच्या वेळी ते आडवं येतं. सर्वोच्च न्यायालयासमोर १९७८ साली मोतीराम नावाच्या गवंड्याचं प्रकरण आलं. जामिनासाठी त्याच्याकडं दहा हजारांचा जामीनदार मागितला. भावाची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात म्हणून दंडाधिकाऱ्यानं त्याचा जामीन नाकारला. न्यायालयानं ते चूक ठरवलं. पण चाकणच्या खराबवाडीत खोलीत सहा जण राहणाऱ्या पोराला स्थानिक जामीनदार आजही कुठून मिळणार? खोलीमालक पोलिसांत भाडेकरूची नोंद करतानाच कुरकुरतो. देशातल्या तुरुंगांत २०२२ च्या अखेरीस ५,७३,२२० माणसं होती. त्यातली ४,३४,३०२ कच्चे कैदी, म्हणजे चारातली तीन माणसं दोषी ठरलेली नव्हती. त्यांतली कितीजण गुन्ह्यामुळं आत राहिली आणि कितीजण पत्त्यामुळं, याचा तक्ता अहवालात नाही.

बेकायदा बांधकाम हा तर या शहराचा प्राणच, आणि वर्ग कसा काम करतो ते बघायला याहून चांगली प्रयोगशाळा नाही. फेब्रुवारी २०२५ मध्ये महापालिकेनं चिखलीच्या कुदळवाडीत भंगाराची दुकानं, गोदामं, छोटी वर्कशॉप मिळून चार हजारांहून अधिक बांधकामं जमीनदोस्त केली. तीन महिन्यांनी, १७ मे रोजी, त्याच चिखलीत इंद्रायणीच्या निळ्या पूररेषेतले ३६ बंगले राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाच्या आदेशानुसार पाडले. सर्वोच्च न्यायालयात दाद लागली नव्हती. दोन्ही ठिकाणी बांधकाम बेकायदा, दोन्ही ठिकाणी जेसीबी. पण माझ्या ओळखीच्या मंडळींच्या तोंडचे शब्द मी मुद्दाम लक्षात ठेवले. कुदळवाडीच्या वेळी: अतिक्रमण, भंगार माफिया, आगी लावणारे, बाहेरचे लोक, बरं झालं. बंगल्यांच्या वेळी: आयुष्यभराची पुंजी, बिल्डरनं फसवलं, परवानगी देणाऱ्या अधिकाऱ्यांचं काय? शेवटचा प्रश्न अगदी बरोबर. तो कुदळवाडीलाही विचारता आला असता, तिथंही कुणीतरी भाड्यानं जागा दिल्या होत्या, कुणीतरी वीज जोडली होती. पण ‘फसवला गेलेला’ व्हायला आधी काहीतरी विकत घेण्याची ऐपत लागते. मधल्या थरातल्या हजारो गुंठेवारी घरांना तर गुन्ह्याची भाषा लागतच नाही. त्यांच्यावर शास्तीकर होता, तो निवडणुकांचा मुद्दा झाला आणि २०२३ साली माफ झाला. मतं असली की अतिक्रमणाचं ‘अनियमित’ होतं, आणि अनियमिताचं नियमित.

वरच्या मजल्यावरच्या गुन्ह्यांसाठी मराठीत खास क्रियापदं आहेत. घोटाळा होतो. पगार थकतो. पीएफ भरायचा राहतो. आग लागते. आणि बँक बुडते. ऑक्टोबर २०२२ मध्ये रिझर्व्ह बँकेनं पिंपरीच्या सेवा विकास सहकारी बँकेचा परवाना रद्द केला. बेकायदा कर्जवाटपावरून गुन्हे नोंदले गेले, ईडी आली, चारशे कोटींवरच्या नुकसानीचा आकडा पुढं आला. कॅम्पातले छोटे व्यापारी, पेन्शनर यांच्या ठेवी अडकल्या. चौकशा झाल्या, अटका झाल्या, पण लोकांच्या बोलण्यात वाक्य तेच: बँक बुडाली. व्याकरणात या वाक्याचा कर्ता बँक आहे, म्हणजे तिनंच पवनेत उडी घेतली. पीएफचं आणखी मजेशीर. कामगाराच्या पगारातून कापलेला पीएफ मालकानं भरला नाही तर तो फौजदारी विश्वासघात समजावा, असं दंड संहितेत स्पष्ट लिहिलेलं होतं, नव्या संहितेतही आहे. कलम आहे, पण कर्ता बोलण्यात नाही, म्हणून ते कुणाला आठवतही नाही. ‘शेठचा पीएफ जरा मागं आहे’, एवढंच ऐकू येतं.

चाकणच्या कारखानदाराला विचारा गुन्हा म्हणजे काय, तो एका शब्दात सांगेल: खंडणी. भंगाराचा ठेका, पाण्याचा टँकर, कॅन्टीन, माणसं पुरवणं, माल उतरवणं, सगळं आमच्याच माणसाला द्या, नाहीतर गेट चालू देणार नाही. तो खोटं बोलत नाही. १९६९ चा माथाडी कायदा अण्णासाहेब पाटलांसारख्यांनी पाठीवर ओझी वाहणाऱ्यांसाठी लढून मिळवला. आज या पट्ट्यात ‘माथाडी’ हा शब्द खंडणीच्या फिर्यादीत वाचायला मिळतो, याचं वाईट वाटतं. आणि इथं श्रीमंत-गरीब ही सरळ फाळणी मोडते. गेट अडवणारा झोपडपट्टीतला नसतो. त्याच्या बापाची जमीन एमआयडीसीत गेलेली असते किंवा गुंठ्या-गुंठ्यानं विकली गेलेली असते, दारात पांढरी गाडी असते, फ्लेक्सवर ‘युवा उद्योजक’ लिहिलेलं असतं. त्याच्या लेखी तो आपला हक्क वसूल करतोय. कारखानदाराच्या लेखी तो गुंड. ठेक्यावर आलेल्या बिहारी पोराच्या लेखी तो मालक आहे, कारण पगार त्याच्याच हातून कापून मिळतो. एकच माणूस तीन वर्गांना तीन प्रकारे दिसतो. पोलिसांना चौथ्या प्रकारे.

बायकांच्या सुरक्षिततेबद्दल एवढंच. नोव्हेंबर २००७ मध्ये गहुंजे इथं बीपीओत काम करणाऱ्या तरुणीवर कंपनीच्या कॅबच्या ड्रायव्हरनं आणि त्याच्या साथीदारानं अत्याचार करून तिचा खून केला. देश हादरला. त्यानंतर आयटी कंपन्यांच्या कॅबमध्ये रात्री सुरक्षारक्षक आला, बाईला सर्वांत शेवटी एकटी ठेवायचं नाही असा नियम आला, जीपीएस आलं. हे व्हायलाच हवं होतं. मे २०२५ मध्ये चाकणच्या मेदनकरवाडीत रात्रपाळीला पायी निघालेल्या कामगार बाईवर अत्याचार झाला. आरोपी पकडला गेला, बातमी चार दिवस चालली. रात्रपाळीच्या बायकांना दारापर्यंत गाडी हा मुद्दा अजून ‘मागणी’ या सदरात आहे. एका वर्गातल्या बाईवरचा गुन्हा व्यवस्था बदलतो, दुसऱ्या वर्गातल्या बाईवरचा फक्त एक आरोपी देतो.

गेल्या तीन वर्षांतली दोन कायदेशीर पावलं शेजारी ठेवून पाहिली तर वारा कुठला ते कळतं. २०२३ च्या जनविश्वास कायद्यानं ४२ केंद्रीय कायद्यांतल्या १८३ तरतुदी शिथिल केल्या. बऱ्याच ठिकाणी कैद गेली, दंड आला. व्यवसायसुलभता हा हेतू. त्यातल्या कितीतरी तरतुदी खरोखर जुनाट होत्या, त्या गेल्याचं मला दुःख नाही. त्याच वर्षी मंजूर झालेल्या न्याय संहितेत ‘किरकोळ संघटित गुन्हा’ असा नवा गुन्हा आला, कलम ११२: टोळीनं केलेली चोरी, हिसकावणं, तिकिटांचा काळाबाजार, जुगार, किमान एक वर्ष, कमाल सात. पाच हजारांखालच्या पहिल्या चोरीला समाजसेवेची शिक्षा देता येते, ही एक चांगली खिडकीही त्याच संहितेनं उघडली. पण आमच्या हेल्परला ती मिळाली नसती. तो नोकर होता.

त्या तर्जनीवाल्या ऑपरेटरचा अपघात अहवाल भरला गेला तेव्हा मी ऑफिसात कसल्याशा गेटपासवर सही घ्यायला उभा होतो. ईएसआयचा ठरीव फॉर्म. जखमीचं नाव, विमा क्रमांक, अपघाताची वेळ, यंत्राचा कुठला भाग, त्या वेळी जखमी नेमकं काय करत होता. मग एक प्रश्न, ज्यात पहिल्यांदाच कर्ता विचारला जातो: जखमी व्यक्ती त्या वेळी कुठल्या कायद्याचं किंवा मालकाच्या आदेशाचं उल्लंघन करत होती काय? किंवा मालकाच्या सूचनेशिवाय काम करत होती काय? मालकाबद्दल तसा प्रश्न नव्हता. टाइमकीपरनं पेन थांबवून सुपरवायझरकडं पाहिलं. सुपरवायझर चहा पीत होता. ‘लिही,’ तो म्हणाला, ‘त्यानं हात घातला.’